निफ्टीही वर, विक्सही वर: असं का होतं ते स्वतःच्या वहीत कसं तपासायचं

३१ मे २०२४, शुक्रवार. निफ्टी २२,५३० ला बंद, इंडिया विक्स २४.६०. पुढच्या बुधवारी, ५ जूनला, निफ्टी २२,६२० आणि विक्स १८.८८. या दोन तारखांच्या मध्ये काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. एक्झिट पोलनंतर सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्के वर, मंगळवारी लोकसभेच्या निकालादिवशी जवळजवळ सहा टक्के खाली, बुधवारी पुन्हा सव्वातीन टक्क्यांच्या वर उडी. एवढा धिंगाणा होऊन बाजार होता तिथेच परत आला आणि ज्याला सगळे ‘भीतीचा निर्देशांक’ म्हणतात तो मात्र पावणेसहा अंकांनी उतरला. धिंगाण्याआधी भीती जास्त, धिंगाण्यानंतर कमी.

‘बाजार पडला की विक्स चढतो, बाजार चढला की विक्स पडतो’ एवढं एकच वाक्य पाठ करून ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाला पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत) उतरणारी मंडळी सांगली-मिरजेत कमी नाहीत. विश्रामबागेत संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी कानावर पडतं, ‘विक्स वाढलाय, आता पडणार बघ.’ त्याच २०२४ च्या एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात विक्स १० च्या जवळ होता आणि मेच्या चौथ्या आठवड्यात २१ च्या वर गेला, म्हणजे दुप्पट. त्याच आठवड्यात निफ्टीने पहिल्यांदा २३,००० ला हात लावला. विक्स बघून जो महिनाभर शॉर्ट करून (पडेल या भरवशावर आधी विकून) बसला असेल, त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

माझं म्हणणं साधं आहे. विक्स बाजाराची दिशा सांगत नाही, ऑप्शनचा दर सांगतो. दर का वाढला किंवा का उतरला, याची कारणं चार-पाच असतात आणि बाजार पडणं हे त्यातलं एक. कोणतं कारण चालू आहे हे घरच्या कॉम्प्युटरवर, एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये तपासता येतं. गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

आधी विक्स म्हणजे काय ते नीट

इंडिया विक्स एनएसईने २००८ मध्ये सुरू केला. पद्धत शिकागोच्या सीबोई एक्स्चेंजची. तिकडचा मूळ विक्स १९९३ चा, आणि आज वापरतात ती पद्धत २००३ पासूनची. आपल्याकडे निफ्टीच्या चालू आणि पुढच्या महिन्याच्या ऑप्शनच्या खरेदी-विक्रीच्या बोली घेतात आणि त्यातून एक आकडा काढतात: पुढच्या ३० दिवसांत निफ्टी किती हलेल असं ऑप्शनचा बाजार धरून चालला आहे, वार्षिक टक्क्यांत. वर की खाली, हे त्यात नाही.

वार्षिक आकडा दिवसावर आणायचा तर १६ ने भागा. वर्षात साधारण २५२ सत्रं, त्याचं वर्गमूळ १५.८७, म्हणून १६. विक्स १६ असेल तर बाजार दिवसाला एक टक्का हलेल असं धरलेलं आहे. तीनपैकी साधारण दोन दिवस हालचाल त्याच्या आत राहावी. महिन्यावर आणायचा तर साडेतीनने भागा.

मग एरवी हे नातं उलटं का असतं? एक कारण सगळ्यांना माहीत असतं. म्युच्युअल फंड, विदेशी संस्था, विमा कंपन्या यांच्याकडे शेअर आधीच असतात, त्यांना धास्ती पडण्याची. बाजार घसरू लागला की ते पुट (ठरल्या भावाला विकण्याचा हक्क, घसरणीचा विमा) घेतात आणि प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे भाव, चढतात. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. खालच्या स्ट्राइकचे (ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावाचे) पुट वरच्या स्ट्राइकच्या कॉलपेक्षा (ठरल्या भावाला घेण्याच्या हक्कापेक्षा) एरवीही महागच विकले जातात. निफ्टी २४,००० वरून २३,५०० ला आला की विक्सच्या मोजणीचा मध्य या आधीच महाग असलेल्या स्ट्राइकवर सरकतो. कोणीही नव्याने घाबरलेलं नसताना विक्स त्यामुळे थोडा आपोआप वर येतो. हे लक्षात असू द्या. याचा उपयोग पुढे आहे.

पायरी १: माहिती उतरवून घ्या

एनएसईच्या संकेतस्थळावर निफ्टी ५० चे आणि इंडिया विक्सचे जुने आकडे फुकट मिळतात. दोन्ही फाइली उतरवा, तारीख जुनीकडून नवीकडे लावून घ्या, आणि एका शीटमध्ये तीन रकाने करा: तारीख, निफ्टीचा बंद, विक्सचा बंद. किमान दोन वर्षं घ्या. २०२४ ची सुरुवात ते २०२५ चा मध्य हा तुकडा शिकायला फार चांगला आहे, त्यात जवळजवळ सगळे प्रकार सापडतात.

तारखा जुळवताना एक अडचण येते. काही शनिवारी बाजार उघडा होता: २० जानेवारी, २ मार्च आणि १८ मे २०२४, शिवाय १ फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्प. दिवाळीच्या मुहूर्ताचं सत्र वेगळं. एका फाइलीत अशी ओळ असली आणि दुसरीत नसली की त्यानंतरच्या सगळ्या ओळी एका घराने सरकतात आणि तुमचा निष्कर्ष निव्वळ कचरा होतो. म्हणून नुसतं शेजारी चिकटवू नका, तारखेवरून शोधून आणणारं सूत्र वापरा. मुहूर्ताची सत्रं सरळ काढून टाकली तरी चालतील. तासाभराच्या व्यवहाराला पूर्ण दिवसाचं वजन द्यायचं कारण नाही.

आकडा बंदचाच घ्या, दिवसातला उच्चांक नको. ५ ऑगस्ट २०२४ ला जपानचा निक्केई १२ टक्क्यांनी कोसळला, तेव्हा अमेरिकेतला विक्स बाजार उघडण्याआधी ६५ च्या वर दिसत होता आणि बंद झाला ३८.५७ ला. मधला बराचसा फुगवटा भीतीचा नव्हता. पहाटेच्या विरळ बाजारात खरेदी आणि विक्रीच्या बोलींमधलं अंतर रुंदावलं होतं आणि विक्स त्या बोलींवरूनच निघतो. आपल्याकडेही सव्वानऊनंतरच्या पहिल्या काही मिनिटांतल्या विक्सवर कधी जाऊ नये.

पायरी २: पातळी नव्हे, बदल मोजा

निफ्टीचा रोजचा टक्केवारी बदल काढा: आजचा बंद भागिले कालचा बंद, वजा एक, गुणिले शंभर. विक्ससाठी दोन रकाने करा, एक अंकांतला फरक आणि एक टक्केवारी. दोन अशासाठी की १२ वरून १४ आणि २४ वरून २६ हे अंकांत सारखे असले तरी बाजाराच्या मनःस्थितीत सारखे नाहीत. वर्तमानपत्रं टक्केवारीच छापतात, कारण ती भडक दिसते. ७ एप्रिल २०२५ ला ‘विक्स ६५ टक्क्यांनी उसळला’ हे खरंच होतं, पण आकडा १४ च्या आतून २३ च्या आत आला होता. मार्च २०२० मध्ये हाच विक्स ८० च्या वर होता.

निफ्टीची पातळी आणि विक्सची पातळी यांचा थेट सहसंबंध (दोन रकाने किती एकत्र हलतात त्याचा -१ ते +१ मधला आकडा) काढू नका. निफ्टी वर्षानुवर्षं वर सरकत राहतो, विक्स फिरून फिरून आपल्या पट्ट्यात येतो. अशा दोन रकान्यांचा सहसंबंध काढला तर काहीही येऊ शकतं आणि ते काहीही शिकवत नाही.

पायरी ३: चार खाने

आता प्रत्येक दिवसाला एक खूण द्या. निफ्टी खाली-विक्स वर, आणि निफ्टी वर-विक्स खाली: हे नेहमीचे दोन. निफ्टी वर-विक्स वर आणि निफ्टी खाली-विक्स खाली: हे आपले वाकडे दोन. निफ्टी पाव टक्क्याच्या आत हललेला दिवस असेल तर खूण देऊच नका, नाहीतर निम्मा तक्ता नुसत्या गोंगाटाने भरेल.

वाकडे दिवस सुटेसुटे आले तर त्यात फार अर्थ शोधू नये. शुक्रवारी विक्स थोडा दबतो, सोमवारी थोडा उचलतो. विक्स कॅलेंडरचे दिवस मोजतो आणि ऑप्शन विकणारे शनिवार-रविवारचा प्रीमियम शुक्रवारीच काढून टाकायला बसलेले असतात. मासिक एक्स्पायरीच्या (ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवसाच्या) आसपास मोजणीचं वजन एका महिन्यावरून दुसऱ्यावर सरकतं, तेव्हाही आकडा उगीच उडतो. वाकडे दिवस एकापाठोपाठ एक येऊ लागले, दहा दिवसांत पाच-सहा, तर मात्र काहीतरी शिजतंय.

हेच मोजायला सरकता सहसंबंध लावा. मागच्या २१ सत्रांतला निफ्टीचा टक्केवारी बदल आणि विक्सचा अंकांतला बदल, दोन्ही ‘कोरेल’ या सूत्रात घाला आणि सूत्र खाली ओढा. एरवी आकडा शून्याच्या बराच खाली राहतो. तो शून्याकडे चढू लागला की पुढची तपासणी सुरू करायची. इथे एक फसगत होते: ४ जून २०२४ सारखा एकच प्रचंड दिवस २१ दिवस खिडकीत राहतो आणि सहसंबंध एकटा ओढून धरतो. तो दिवस खिडकीतून बाहेर पडला की आकडा अचानक बदलतो आणि वाटतं की आज काही घडलं. घडलेलं काही नसतं. आलेखावर मोठी पायरी दिसली की आधी २१ सत्रं मागे जाऊन बघा.

पायरी ४: धरलेली आणि झालेली हालचाल शेजारी ठेवा

माझ्या मते या सगळ्या उद्योगात सर्वांत कामाचा रकाना हा आहे. मागच्या २१ सत्रांतल्या निफ्टीच्या रोजच्या बदलाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले त्याचं माप) काढा, त्याला १५.८७ ने गुणा. ही प्रत्यक्ष झालेली हालचाल, विक्सच्याच एककात. विक्समधून ती वजा करा.

फरक बहुधा धन असतो, कारण ऑप्शन विकणारा जोखीम फुकट घेत नाही. पण निफ्टी आणि विक्स दोन्ही चढत असताना हा फरक काय करतो ते बघा. झालेली हालचाल थंड आणि विक्स तापलेला असेल, तर बाजार पुढच्या एखाद्या ठरलेल्या तारखेकडे डोळे लावून बसला आहे. मे २०२४ मध्ये हेच होतं. मे २०१४ मध्येही हेच: निकालाच्या आधी बाजार चढत होता आणि विक्स ३० च्या पार. उलट झालेली हालचालसुद्धा विक्सबरोबर वाढत असेल, म्हणजे रोज दीड-दोन टक्क्यांनी बाजार वर उसळत असेल, तर ती धावती तेजी. लोक गाडी सुटेल म्हणून कॉल मागत असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी विक्स २० च्या वर ठाण मांडून होता आणि बाजार वर्षानुवर्षं चढत होता. ही दुसरी जात पहिलीपेक्षा धोक्याची, कारण तिला संपायची तारीख नसते.

पायरी ५: तारखेची किंमत वेगळी काढा

पुढे तारीख आहे हे कळलं तर बाजाराने त्या एका तारखेला किती टक्क्यांची हालचाल धरली आहे, हेही कागदावर निघतं. ३१ मे २०२४ चंच उदाहरण घेऊ.

विक्स २४.६०. निवडणूक नसती तर तो किती असता? एप्रिलच्या मध्यात आणि पुन्हा जूनच्या मध्यात तो १३ च्या आसपास होता, म्हणून १३ धरू. आता २४.६० चा वर्ग ६०५, १३ चा वर्ग १६९. फरक ४३६. त्याला ३० ने गुणा, ३६५ ने भागा: ३६ च्या जरा आत. वर्गमूळ सहा. म्हणजे ३१ मेच्या संध्याकाळी ऑप्शनचा बाजार म्हणत होता की एक्झिट पोल आणि निकाल मिळून निफ्टी साधारण सहा टक्के इकडे किंवा तिकडे हलू शकतो. सोमवारी विक्स २०.९४ ला आला, कारण एक्झिट पोल उरकले होते. तेच गणित पुन्हा केलं तर उत्तर ४.७ टक्के. प्रत्यक्षात मंगळवारी ५.९३ टक्के घसरण झाली.

आकडे इतके जवळ आले म्हणून हुरळून जाऊ नका. हे भाकीत नसतं, सरासरी अंदाज असतो. निकाल अपेक्षेप्रमाणे लागले असते तर एक टक्काही हालचाल झाली नसती आणि गणित तरीही बरोबरच ठरलं असतं. शिवाय आपण धरलेला १३ हा आपला अंदाज. तो ११ आणि १५ धरूनही करून बघा, उत्तर किती सरकतं ते कळेल.

आता यातली खरी झळ. समजा कोणी ३१ मेला २२,५३० च्या आसपासचा जूनअखेरचा कॉल घेतला. विक्सचाच आकडा धरून ढोबळ हिशेब केला तर तो सहाशे रुपयांच्या घरात पडतो. ५ जूनला निफ्टी त्याच्यापेक्षा ९० अंकांनी वर आहे, म्हणजे दिशा बरोबर निघाली. पण विक्स १८.८८ झाला आणि पाच दिवस गेले, म्हणून त्याच कॉलची ढोबळ किंमत पावणेपाचशेच्या आत येते. बाजार वर गेला आणि कॉल घेणाऱ्याने प्रत्येक युनिटमागे सव्वाशेच्या वर घालवले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. त्यातले कितीजण दिशा बरोबर असूनही बुडाले असतील, असं हा हिशेब करताना दर वेळी मनात येतं.

२३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प याच जातीचा, फक्त छोटा. भांडवली नफ्यावरचा कर वाढला, निफ्टी दिवसात चांगलाच आपटला, शेवटी ३० अंक खाली बंद झाला. विक्स त्याच दिवशी १५ च्या वरून १३ च्या आत. निफ्टी खाली, विक्स खाली. तारीख गेली, तिची किंमत गेली.

पायरी ६: विक्सवर विश्वास ठेवण्याआधी स्ट्रॅडल बघा

२३ एप्रिल २०२४ ला विक्स एका दिवसात १२.७ वरून १०.२ वर आला, वीस टक्के खाली, आणि निफ्टी जवळजवळ जागच्या जागी होता. मासिक एक्स्पायरी दोन दिवसांवर. अशा दिवशी आकड्यावर बोलण्याआधी स्वतःची छोटी मोजणी करावी.

साधारण ३० दिवस राहिलेली एक्स्पायरी निवडा. निफ्टीच्या सर्वांत जवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट, दोन्हींचे भाव जोडा; हा स्ट्रॅडल. निफ्टी २४,००० आणि हालचाल १३ टक्के धरलेली असेल, तर ३० दिवसांचा स्ट्रॅडल ७१५ रुपयांच्या आसपास यायला हवा. सूत्र असं: निफ्टी गुणिले ०.८, गुणिले अपेक्षित हालचाल (१३ टक्के म्हणजे ०.१३), गुणिले उरलेले दिवस भागिले ३६५ याचं वर्गमूळ. उलटं चालवलं की स्ट्रॅडलच्या भावावरून हालचाल निघते. ती विक्सपेक्षा जराशी कमीच येते, कारण विक्समध्ये लांबचे महाग पुटही असतात. आदल्या दिवशी आणि आज, दोन्ही दिवसांची काढा. विक्स वीस टक्के पडला आणि स्ट्रॅडल पाचच टक्के उतरला, तर बाजार शांत झालेला नाही, आकडा घसरला आहे.

ऑप्शन चेन उघडीच आहे तर आणखी एक गोष्ट दोन मिनिटांत होते. निफ्टीपासून खाली हजार अंकांवरचा पुट आणि वर हजार अंकांवरचा कॉल, यांची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (ऑप्शनच्या भावातून निघणारी धरलेली हालचाल) शेजारी लिहा. एरवी पुटची बरीच जास्त असते. निफ्टी आणि विक्स दोन्ही चढत असताना कॉलची पुटला गाठू लागली तर मागणी तेजीवाल्यांची आहे. पुटची आणखी पुढे पळत असेल तर चढत्या बाजारातही कोणीतरी मोठा आपला माल सांभाळायला विमा घेतोय. दोन्हीत विक्स सारखाच वाढतो, अर्थ पार वेगळा.

निफ्टी खाली, विक्सही थंड

या खान्यावर मी जास्त थांबतो, कारण आपल्याकडच्या लोकांचे पैसे यातच जास्त गेले.

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला. ४ मार्च २०२५ ला तो दिवसात २२,००० च्या खाली गेला. सोळा टक्के. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने घसरण, असं १९९६ नंतर पहिल्यांदाच झालं. आणि विक्स? बहुतेक काळ १३ ते १८ च्या मध्ये. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी निफ्टी ४२० अंक पडला तरी विक्स १४ च्या आतच.

याचं कारण गणितातच आहे. निफ्टी सलग २१ दिवस रोज बरोबर ०.३ टक्के पडला असं धरा. महिन्यात सहा टक्के गेले. पण रोजचा बदल सारखाच असल्याने प्रमाण विचलन शून्य! मंद, शिस्तीत होणारी घसरण हालचालीच्या मापात दिसतच नाही. त्यात विदेशी संस्था पुट घेत बसण्याऐवजी सरळ शेअर विकत असतील, तर पुटला मागणीही कमी. अमेरिकेत २०२२ मध्ये हेच झालं: एस अँड पी ५०० शिखरावरून २५ टक्के उतरला आणि विक्स एकदाही ४० च्या वर बंद झाला नाही.

म्हणून शीटमध्ये एक रकाना शिखरापासून किती खाली याचा ठेवा. आतापर्यंतचा सर्वोच्च बंद आणि आजचा बंद यांतला टक्केवारी फरक. हा रकाना दहा टक्क्यांच्या पुढे आणि विक्स १५ च्या आत असं दिसलं की ‘विक्स थंड आहे, काळजी नाही’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका. उलट हातातल्या शेअरसाठी पुट घ्यायचा असेल तर विमा स्वस्त असण्याचा हाच काळ. मार्च २०२५ मध्ये तो स्वस्त होता. ७ एप्रिलच्या सकाळी नव्हता.

दुसरी गोष्ट, इंडिया विक्स फक्त निफ्टी ५० च्या ऑप्शनवरून निघतो. सांगली, इस्लामपूर, विटा इथल्या सामान्य गुंतवणूकदाराच्या डिमॅट खात्यात निफ्टी ५० मधले शेअर किती असतात? बहुतेक स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे: साखर, फाउंड्री, रसायनं, कोणीतरी सांगितलेला संरक्षण क्षेत्रातला एखादा. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्मॉलकॅप निर्देशांक शिखरापासून वीस टक्क्यांहून जास्त खाली होते आणि विक्स निवांत होता. तो त्यांच्याबद्दल बोलतच नव्हता. ज्याचं खातं स्मॉलकॅपचं आहे त्याने चौथी पायरी निफ्टीऐवजी निफ्टी स्मॉलकॅप २५० वर करावी. त्याचा विक्स नाही, पण झालेली हालचाल काढता येते आणि तेवढ्याने भागतं.

हळदीचं नातं सुलट

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांना, ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे त्यांना निफ्टी-विक्सचं उलटं नातंच मुळात विचित्र वाटतं, आणि ते बरोबर आहे. हळदीत धावपळ होते ती तेजीत. २०२३ च्या उन्हाळ्यात मंद पडलेले भाव ऑगस्टपर्यंत दुपटीच्या पुढे गेले. लागवड घटल्याची आणि पाऊस लांबल्याची बातमी होती. त्या दिवसांत वायद्यात रोजची चढउतार जेवढी होती तेवढी मंदीच्या महिन्यांत कधी दिसली नसेल. कारण उघड आहे. माल भरपूर असताना भाव पडला तर शेतकरी आणि साठेवाला दोघंही माल दाबून धरतात, घसरण संथ होते. साठा संपत आला आणि मसालेवाल्याला माल हवाच असेल, तर भावाला वर छप्पर नसतं. शेअरमध्ये भीती धारकाला असते, जिनसात ती घेणाऱ्याला.

स्वतः तपासायचं तर एनसीडीईएक्सच्या हळद वायद्याचे रोजचे बंद भाव घ्या आणि २१ दिवसांची झालेली हालचाल काढा. तीन गोष्टी सांभाळा. वायदा बदलताना जुन्या महिन्याच्या आणि नव्या महिन्याच्या भावातला फरक ‘त्या दिवसाचा बदल’ म्हणून मोजू नका. ज्या वायद्यात उभे आहात त्याचाच कालचा भाव घ्या. सर्किट लागलेल्या दिवशी भाव मर्यादेवर अडकतो, त्यामुळे मोजलेली हालचाल खऱ्यापेक्षा कमी दिसते. त्या दिवसांवर खूण करा. आणि सौद्यातले हजर भाव वापरणार असाल तर राजापुरी हळकुंडाचा भाव एका दिवशी आणि गड्ड्याचा दुसऱ्या दिवशी, अशी सरमिसळ करू नका. प्रत बदलली की भाव बदलतो, ती बाजाराची हालचाल नव्हे.

मग २१ दिवसांतला भावातला बदल आणि त्याच २१ दिवसांत झालेल्या हालचालीतला बदल, यांचा सहसंबंध काढा. दोन-तीन वर्षांचे आकडे घेतलेत तर चिन्ह बहुधा धन येईल. निफ्टीवर हेच करा, ऋण येईल. दोन्ही एका शीटवर केलं की ‘भाव वर म्हणजे शांतता’ ही समजूत कायमची सुटते, आणि निफ्टी धावत्या तेजीत जिनसासारखा वागू लागला तर ते ओळखायलाही येतं.

रोज किती वेळ द्यायचा

रोज नाही. शनिवारी सकाळी पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्याच्या पाच ओळी भरा, सूत्रं खाली ओढा आणि चार आकडे बघा: वाकड्या दिवसांची संख्या, २१ दिवसांचा सहसंबंध, विक्स वजा झालेली हालचाल, आणि शिखरापासूनचं अंतर. पहिले दोन नेहमीसारखे असतील आणि अंतर दहाच्या आत असेल तर शीट बंद. पहिल्या दोनांत गडबड दिसली तरच पाचवी-सहावी पायरी काढायची. एसआयपीवाल्यांनी यातलं काही नाही केलं तरी चालेल. विक्स बघून हप्ता मागेपुढे करणाऱ्याचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

शेवटचा रकाना शेऱ्याचा ठेवा. वाकडा दिवस दिसला की त्यात कारण लिहायचं, आणि त्याच दिवशी लिहायचं. आठवड्यानंतर लिहिलेलं कारण नेहमी बरोबरच वाटतं. पुढची तारीख माहीत असेल तर तीही लिहा: रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प, मतमोजणी, अमेरिकन फेडची बैठक. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवारी आली आहे, तेव्हा जुने शेरे वाचताना वाराचा घोळ करू नका. आणि कारण सापडलं नाही तर ते घर रिकामं सोडा. पुढे कधी त्या ओळीवर परत आलात तर रिकामं घर बघून निदान स्ट्रॅडल तपासायची आठवण होईल.